नडगीवरची जागा

मे महिन्यात आली होती पहिल्यांदा.
चोपड्यात पारा पंचेचाळीसवर,
कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं,
मी, कंपाउंडर जगतराव, बाकावरचे सगळे पेशंट
निथळत होतो.
अशा दुपारी तीन वर्षांच्या पोरीच्या नडगीवरचा
रुपयाएवढा जांभळट डाग
आजूबाजूपेक्षा थोडा जास्त ओला आहे
हे कोणाला दिसणार?

मला नाही दिसलं.
काचपट्टी दाबली, रंग थोडा फिका झाला,
सगळा गेला नाही.
कार्डावर लिहिलं, रक्तवाहिन्यांची गाठ,
पुढे प्रश्नचिन्ह,
तेही इतकं बारीक
की औषधवाल्याला पूर्णविराम वाटावा.

योगिता बाविस्कर, तिची आई, म्हणाली,
आधी वाटलं केळीचा चीक.
नवरा कटाईला जातो,
त्याच्या एकेका सदऱ्यावर असेच डाग,
आणि हेतल सदा त्याच्या खांद्यावर.
म्हणून घासलं आठ दिवस.
साबणाने, लिंबाने,
मग खोबरेल लावून वजरीने.
केळीचा चीक निघत नाही
हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक.
तरी.

शेजारणीने ग्रहण काढलं.
कितवा महिना होता, हातात विळी होती का.
योगिताला काहीच आठवेना,
म्हणून तिने कबूल केलं.

मी थेंब दिले. चार महिने.
डाग होता तिथे होता.

मग मार्गशीर्ष.
सातपुड्यावरून गारठा उतरला,
बागांतून रात्री धूर करू लागले लोक
केळी काळवंडू नये म्हणून,
आणि त्या धुराचा वास अंगावर घेऊन
तिघं आत आली.
या वेळी नऊ वर्षांचा भाऊ बरोबर,
कानटोपीत अर्धा बुडालेला.
तोच बोलला,
"डाक्टरीनबाई, हाई रडनी ना,
का तठली जागा भी रडस."

आई त्याला दटावू लागली.
मी म्हटलं, थांबा.

रडवावं लागलं नाही, माझा कोट पुरला.
पाय कोरडा, थंडीने पांढुरका,
आणि फक्त त्या वर्तुळात
एक थेंब,
शेजारी दुसरा,
मग मोजता येईनात.

आयोडीन लावलं, वाळू दिलं.
जगतराव समोरच्या किराण्यातून
दहा रुपयांचं कॉर्नफ्लोअर घेऊन आले.
भुरभुरलं.
आजूबाजूला पीठ पांढरंच राहिलं,
जागा तेवढी निळीकाळी होत गेली,
कडेकडेने, शाई टिपकागदात शिरते तशी.
पोरगा टाळ्या वाजवायला लागला.
हेतल त्याच्याकडे बघून गप्प झाली.
मी वहीत लिहिलं, आणि लिहिताना
मे महिन्यातलं माझं पान उलटून ठेवलं.

प्लेटलेट मोजून घेतल्या,
एक वेगळं, भीतीदायक नाव दूर ठेवायला.
मग चार मिलिमीटरचा तुकडा, दोन टाके,
बाटली धुळ्याला.
नवव्या दिवशी डॉक्टर लोहारांचा फोन,
"घामाच्या ग्रंथी आणि रक्तवाहिन्या
एकमेकींत गुंतल्यात, बाकी काही नाही.
एक्राइन अँजिओमॅटस हॅमार्टोमा.
माझ्या तीस वर्षांतली ही दुसरी.
तुम्हाला कसं सुचलं?"
मी म्हटलं, मला नाही सुचलं.

योगिताला नाव सांगितलं नाही.
सांगितलं, तिच्याच अंगातलं आहे सगळं,
फक्त एका जागी जास्त झालंय.
"कॅन्सर नही शे ना?"
नाही.
"गऱ्हानमुळे?"
नाही.
"काढनं पडी?"
फार दुखायला लागलं तर. नाहीतर राहू दे.

ती उठली. दारापर्यंत गेली.
परत आली.
"मंग मी घासू तवय
तिले दुखे का?"

अशा गाठी दुखतात, हे पुस्तकात पहिल्याच ओळीत आहे.
हो, म्हणाले.

तिने पोरीचा मोजा वर ओढला,
पुन्हा खाली केला,
आणि त्या जागेवर फुंकर घातली,
भाजल्यावर घालतात तशी,
बराच वेळ.
भाऊ विचारत होता,
उरलेलं पीठ घरी नेऊ का.